मुलाने लेसरमध्ये पाहिलं, आता मधलं अक्षर दिसत नाही म्हणतो: काय करायचं?

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. गावच्या जत्रेत त्याने हिरव्या लेसरची काळी कांडी घेतली. मागे छोटी चावी, आत चार्ज होणारा जाड सेल, पुढे ठिपक्यांची टोपी. परवा टोपी काढून आरशावर मारून खेळत होता. कालपासून म्हणतोय, उजव्या डोळ्याने वाचताना मधलं अक्षर पुसल्यासारखं दिसतं. डोळा दुखत नाही, लालही नाही. चष्म्याच्या दुकानात दाखवलं, ते म्हणाले नंबर नाही, टीव्ही कमी करा. कांडीवर ५ मिलीवॅटपेक्षा कमी असं लिहिलंय. घाबरण्यासारखं आहे का? आणि आमचं मंडळ यंदा गणपतीत लेसर लावणार आहे, तिथे त्याला न्यावं का?

उत्तर:

ताई, आधी करायचं ते सांगते, कारणं नंतर. उद्या शाळा बुडली तरी चालेल, पण मुलाला पडद्याच्या डॉक्टरकडे न्या. पडदा म्हणजे रेटिना. नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेलात तरी दोन गोष्टी सांगून करून घ्या: थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, आणि ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा फोटो. स्कॅनला पाच-दहा मिनिटं लागतात, डोळ्याला काही टोचत नाही, मुलाने फक्त हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघायचं असतं. थेंबांमुळे काही तास जवळचं धूसर दिसेल, उन्हाचा त्रास होईल, म्हणून टोपी बरोबर घ्या.

चष्म्याच्या दुकानात नंबर निघाला नाही याचा अर्थ डोळा ठीक आहे असा होत नाही. नंबर म्हणजे डोळ्याच्या भिंगाचा हिशोब. तुमच्या मुलाची तक्रार भिंगाची नाही, पडद्याची आहे. ‘मधलं अक्षर पुसल्यासारखं दिसतं’ हे ११ वर्षांच्या पोराने स्वतःहून सांगणं मी फार गंभीरपणे घेते. मुलं असं सहसा मनाने रचून सांगत नाहीत. उलट बहुतेक मुलं हे लपवतात, आणि दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सांभाळून घेत असल्याने घरच्यांना महिनोन्महिने कळत नाही.

डोळा दुखत नाही म्हणून तुम्हाला थोडा धीर आलाय, ते समजू शकते. पण पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत. बुबुळावर धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो; पडदा भाजला तर काहीच कळत नाही, फक्त दिसण्यात भोक पडतं. खरं तर लेसर चमकून गेल्यावर डोळा लाल होऊन, चुरचुरतोय म्हणून जी माणसं घाबरून येतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी डोळा जोरात चोळलेला असतो. बुबुळाला ओरखडा असतो, दोन-तीन दिवसांत बरा होतो. माझी काळजी वाढते ती न दुखणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र डोळ्याने आणि ‘मध्ये डाग दिसतो’ या वाक्याने.

घरी आजच एक तपासणी करता येईल. त्याची गणिताची चौकोनी वही घ्या, पानाच्या मधोमध पेनाने ठळक ठिपका काढा. वही डोळ्यापासून फूटभर अंतरावर धरायची. आधी उजवा डोळा तळहाताने झाकून डाव्याने त्या ठिपक्याकडे बघायला सांगा, मग उलट. (बोटांनी झाकू देऊ नका, मुलं फटीतून बघतात.) विचारा: ठिपका दिसतो का? आजूबाजूचे चौकोन सरळ दिसतात का वाकडे? कुठे चौकोन गायब आहेत का? त्याला जे दिसतं ते पेन्सिलीने त्याच पानावर काढू द्या आणि तारीख घाला. हे पान डॉक्टरला दाखवा. मला अशा पानांचा फार उपयोग होतो, कारण पुढे सुधारणा होतेय की नाही हे त्यावरून घरच्यांनाही दिसतं.

मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका, विशेषतः स्टेरॉइडचे. गुलाबपाणी, तूप, दूध काहीही डोळ्यात घालू नका. आणि ‘बघू तरी किती जोरात आहे’ म्हणून ती कांडी घरात पुन्हा कोणी लावून बघू नका. अचानक मोठा काळा किंवा लालसर डाग आला, एका डोळ्याने सगळंच धूसर झालं, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो रक्तस्राव असू शकतो.

आता त्या कांडीबद्दल. मी रोज हिरव्या लेसरने काम करते. मधुमेहामुळे पडदा खराब झालेल्या लोकांना आम्ही ‘लेसर मारतो’ म्हणतात ना, तो. माझ्या यंत्राच्या प्रकाशाची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर, आणि तुमच्या मुलाच्या हातातली हिरवी कांडी जवळजवळ नक्की त्याच ५३२ नॅनोमीटरची. यंत्राची ताकद मी साधारण १५० ते २०० मिलीवॅट ठेवते, एका ठिपक्याचा वेळ सेकंदाचा दहावा भाग. पायाने पेडल दाबलं की पडद्यावर माझ्या डोळ्यांसमोर एक फिकट पांढरा ठिपका उमटतो. ती भाजलेली जागा. आम्ही ती मुद्दाम भाजतो, कडेच्या भागात, मधला भाग वाचवण्यासाठी. प्रत्येक वेळी पेडल दाबण्याआधी मी मध्यबिंदू कुठे आहे ते बघते, आणि झोत मुद्दाम पसरट ठेवते. खोलीच्या दारावर पाटी असते, माझ्या यंत्रात माझे डोळे वाचवणारी गाळणी असते, नातेवाईक आत हवेच असतील तर त्यांना त्याच तरंगलांबीचा खास चष्मा देतो.

जत्रेतल्या कांडीतला प्रकाश याच जातीचा असतो, आणि तिथे यातलं काहीच नसतं. वर तिचा झोत पसरट नाही. डोळ्याचं भिंग लेसरचा बारीक झोत पडद्यावर सुमारे दोन-शतांश मिलिमीटरच्या टिंबात गोळा करतं. अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. या दोन आकारांचा हिशोब केला तर प्रखरता सुमारे एक लाखपट होते. म्हणून अवघ्या १ मिलीवॅटचा झोतसुद्धा, त्या टिंबापुरता, सूर्याकडे थेट बघण्यापेक्षा प्रखर ठरतो. तरी १ मिलीवॅट तसा सुरक्षित मानतात, कारण डोळा पाव सेकंदात मिटतो किंवा मान वळते. ही सगळी सुरक्षितता त्या पाव सेकंदावर उभी आहे. मुलं पैज लावून डोळा उघडा ठेवतात. सुट्टीत एकत्र जमलेली दोन भावंडं माझ्याकडे आली होती, ‘कोण जास्त वेळ बघतो’ यावरून. धाकटा जिंकला होता. त्याच्या पडद्याच्या मध्यावर पिवळसर डाग होता.

मध्यावरच का, तेही सांगते. आपण ज्या गोष्टीकडे बघतो, तिची प्रतिमा पडद्याच्या मॅक्युला या भागात, त्यातही मधल्या दीड मिलिमीटरच्या खळग्यात पडते. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं तिथूनच होतं. कडेने आलेला झोत पडद्याच्या कडेला लागला तर कदाचित जन्मभर कळणारही नाही. पण मुलगा लेसरच्या उगमाकडे ‘बघतो’, तेव्हा तो झोत आपल्या हाताने नेमका त्या खळग्यावर नेऊन ठेवत असतो.

‘आरशावर मारत होता, थेट पाहिलं नाही’ हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. आरसा जवळजवळ सगळा प्रकाश जसाच्या तसा परत फेकतो. आरशातून आलेला झोत म्हणजे थेटच झोत. खिडकीची काचसुद्धा साधारण ८ टक्के प्रकाश परत पाठवते. १०० मिलीवॅटची कांडी असेल तर ते ८ मिलीवॅट झाले, सुरक्षित मानलेल्या १ मिलीवॅटच्या आठपट. घासलेला स्टीलचा डबा, घड्याळाची काच, मोबाइलचा स्क्रीन, सगळं त्यातच आलं. चुन्याच्या भिंतीवर पडलेला ठिपका मात्र वेगळा: तिथे प्रकाश सगळीकडे विखुरतो, आणि हातातल्या लहान लेसरचा भिंतीवरचा ठिपका लांबून बघितल्याने सहसा काही होत नाही.

५ मिलीवॅटच्या लेबलवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत पॉइंटरसाठी तेवढीच मर्यादा आहे. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१३ मध्ये १२२ पॉइंटर मोजले. लाल पॉइंटरपैकी ४४ टक्के आणि हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के नियमात बसले नाहीत. कायदा कडक असलेल्या देशातली ही गत. जत्रेतल्या कांडीवरचा कागदी स्टिकर कोणी मोजून चिकटवलेला नसतो. त्याच साच्यातल्या दुसऱ्या कांडीवर १००० मिलीवॅट छापलेलं मी स्वतः पाहिलंय.

हिरव्यात एक छुपा धोकाही असतो. स्वस्त कांडीत हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य लेसर असतो, तो एका स्फटिकातून १०६४ नॅनोमीटर होतो, आणि दुसऱ्या स्फटिकातून अर्धा होऊन ५३२, म्हणजे हिरवा. उरलेला अदृश्य प्रकाश अडवायला पुढे एक गाळणी लागते. पैसे वाचवायला ती वगळली की तो प्रकाशही बाहेर येतो. त्याच संस्थेने २०१० मध्ये एक १० मिलीवॅट लिहिलेला हिरवा पॉइंटर तपासला, त्यातून जवळजवळ २० मिलीवॅट अदृश्य प्रकाश निघत होता. जे दिसत नाही त्याला डोळा मिटत नाही. जांभळ्या, ४०५ नॅनोमीटरच्या लेसरचंही काहीसं तसंच: आपल्या डोळ्याला तो रंग मंद वाटतो, म्हणून ‘हा बारीक आहे’ समजून मुलं तो जास्त वेळ बघतात. लहान मुलांचं भिंग अगदी स्वच्छ असल्याने निळा-जांभळा प्रकाश त्यांच्या पडद्यापर्यंत मोठ्यांपेक्षा जास्त पोचतो.

मोजायचं यंत्र घरी नसतं, म्हणून मी पालकांना एक ओबडधोबड खूण सांगते. किल्लीच्या जुडग्यातला, बटणसेलवर चालणारा लाल लेसर बहुधा कमी ताकदीचा असतो. तोही खेळायला देऊ नकाच. पण चार्ज होणारा जाड सेल आला, मागे चावी आली, की ते खेळणं राहिलं नाही. आणि ज्याने फुगा फुटतो किंवा काडेपेटीची काडी पेटते असं विकणारा करून दाखवतो, तो लेसर पडदा भाजायला लागतो त्याहून कितीतरी ताकदीचा असतो. पुढची ठिपक्यांची टोपी झोत वाटून टाकते, पण मधल्या ठिपक्यात बरीच ताकद शिल्लक राहते. टोपी काढली की सगळाच झोत एका रेषेत.

सगळ्याच लेसरला घाबरायचं कारण नाही. दुकानातला बारकोड वाचणारा, गवंड्याकडचा लेव्हलचा, शिक्षकांच्या हातातला खरोखर १ मिलीवॅटचा लाल पॉइंटर, यांची तिरीप क्षणभर डोळ्यावरून गेली तर डोळा भाजत नाही. काही मिनिटं समोर डाग तरंगतो, फोटोच्या फ्लॅशनंतर तरंगतो तसा, आणि जातो. दुसऱ्या दिवशीही डाग त्याच जागी असेल, तर मात्र मी सांगितलं ते करा. तुमच्या मुलाचा डाग रात्रीच्या झोपेनंतरही तिथेच आहे.

उद्या स्कॅनमध्ये काय दिसेल? ओसीटीमध्ये पडदा आडवा कापल्यासारखा दिसतो, पोळीचे पदर सुटावेत तसे थर एकावर एक. मध्ये एक बारीक, उजळ, सलग रेघ असते. प्रकाश ओळखणाऱ्या पेशींची ती रेघ. लेसरने भाजलं असेल तर ती रेघ मध्येच तुटलेली दिसते, कधी तिथे वरून खाली एक पांढरा पट्टा दिसतो. डॉक्टरला स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि दोन्ही डोळ्यांची रेघ शेजारी ठेवून बघा. इजा तुम्हालाही ओळखू येईल.

उपचाराबद्दल खोटा दिलासा देणार नाही. मेलेल्या पेशी परत आणणारे थेंब नाहीत, गोळ्या नाहीत. काही डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, पण त्याने नक्की फायदा होतो याचा पक्का पुरावा नाही. लहान मुलाला मी त्या सहसा देत नाही; कोणी दिल्या तर का देताय ते विचारा. मात्र सगळ्याच पेशी मेलेल्या नसतात. कडेच्या, नुसत्या होरपळलेल्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत सावरतात, आणि बऱ्याच मुलांची नजर चांगली सुधारलेली मी पाहिली आहे. काहींना बारीक डाग कायमचा राहतो. मी साधारण आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी स्कॅन करून बघते. पडद्याला आरपार छिद्र पडलं असेल तर काही वेळा ते आपोआप मिटतं, नाहीतर ऑपरेशन करता येतं. रक्त साठलं असेल तर त्यावरही उपाय आहेत. आणि एक नक्की लक्षात ठेवा: सगळं बरं झाल्यावर काही महिन्यांनी रेषा पुन्हा वाकड्या दिसायला लागल्या, तर लगेच डॉक्टरकडे जा. डाग पडलेल्या जागी कधी कधी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. वेळेत इंजेक्शन दिलं तर त्या आटोक्यात येतात.

प्रकाशाने भाजलेल्या पडद्यावरूनच आमचा हा उपचार सुचला, हे मला दर वेळी हलवून जातं. १० जुलै १९४५ ला युरोपात सूर्यग्रहण झालं. हॅम्बुर्गमधले नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी ग्रहणाकडे बघून मॅक्युला भाजलेला एक वैद्यकीय विद्यार्थी तपासला. प्रकाश पडद्यावर असा व्रण करू शकतो, तर तोच व्रण योग्य जागी करून सुटता पडदा चिकटवता येईल का, असा विचार त्यांनी केला. लेसर आला तो त्यानंतर, १९६० मध्ये. त्या विद्यार्थ्याच्या मध्यबिंदूवर पडला होता तसा व्रण मायर-श्विकेराथ यांनी कडेला नेला, आणि असंख्य लोकांची नजर वाचली. जागा बदलली की औषध होतं, म्हणून जागेबद्दल मी इतकी काटेकोर आहे.

आता गणपतीचं. तुमच्या मुलाला यंदा त्या लेसरसमोर नेऊ नका, डाग असो वा नसो. २०२३ च्या विसर्जनानंतर लेसरने डोळे दुखावल्याच्या बातम्या राज्यात आल्या, आणि २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांनी उत्सवात लेसरवर बंदीचा आदेश काढला. डीजेच्या गाडीवरचे हे लेसर मिलीवॅटचे नसतात, कित्येक वॅटचे असतात. आतले आरसे झोत भराभर फिरवतात, म्हणून तो एका जागी क्षणभरच राहतो. पण आरसा अडकला, किंवा चालवणाऱ्याने झोत स्थिर केला, तर सगळी ताकद एका डोळ्यावर येते. १ वॅटचा बारीक झोत २०० मीटरवरही पाव सेकंदात धोक्याचा असतो. तुमची गल्ली तेवढी लांब आहे का, बघा. मोबाइलने चित्रीकरण करताना कॅमेऱ्यात कायमची रेघ उमटते ना, तोच झोत तुमच्या-माझ्या डोळ्यावरून फिरत असतो.

परदेशात लेसर शोसाठी नियम आहे की झोत लोक उभे असतात त्या जमिनीपासून किमान ३ मीटर वर राहावा. मंडळाच्या पोरांना हे सांगा, पण हेही सांगा की आपल्याकडे बाबांच्या खांद्यावर बसलेल्या पोराचे डोळे सव्वादोन मीटरवर असतात, ट्रॅक्टर खड्ड्यात गेला की झोत खाली येतो, आणि चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आजी-आजोबा नेमके ३ मीटरच्या वरच उभे असतात. मिरवणुकीत लेसर सुरक्षित लावणं मला तरी शक्य दिसत नाही. मंडळाला पत्र लिहायचं असेल तर तुमच्या डॉक्टरची सही घ्या. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. रोषणाईला एलईडीचे दिवे पुरेसे देखणे असतात. आणि काळा गॉगल घालून लेसरसमोर उभं राहणं म्हणजे संरक्षण नव्हे. काळोख्या काचेमागे बाहुली उलट मोठी होते.

उद्या जाताना ती कांडी सेल काढून, पिशवीत घालून बरोबर न्या. रंग कोणता, सेल केवढा, टोपी कशी, हे बघितल्यावर डॉक्टरला नेमका अंदाज येतो. आणि आज रात्री मुलावर ओरडू नका. किती वेळा पाहिलं, किती वेळ पाहिलं, डाव्या डोळ्यानेही पाहिलं का, या तीन गोष्टी डॉक्टरला त्याच्याकडूनच कळायला हव्यात, आणि घाबरलेलं मूल तिन्हीचं उत्तर ‘एकदाच’ असं देतं. तपासणीच्या वेळी पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबलात तर आणखी बरं.